सांगाडा घासा, मग फळी लावा: शिडाच्या युद्धनौकेची पहिली लाकडी प्रतिकृती

माझ्या पहिल्या जहाजाच्या डाव्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, एक खळगा आहे. खोली जेमतेम दीड मिलिमीटर. फळ्या लावताना तो दिसला नाही, घासताना बोटाला लागला नाही. व्हार्निशचा दुसरा हात वाळल्यावर संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं आणि तो उठून दिसला. चूक तीन महिने आधीची होती. तिसरी फासळी शेजारच्या दोघींपेक्षा किंचित बुटकी होती आणि मी ती तशीच ठेवून फळ्या लावायला घेतल्या होत्या. म्हणून नव्याने या कामात पडणाऱ्याला मी सगळ्यात आधी हेच सांगतो: जहाजाचं रूप सांगाड्यात ठरतं. फळ्या, तोफा, दोर त्या रूपावर चढतात, त्यांना ते बदलता येत नाही. या लेखातही मी सांगाड्याजवळ आणि फळ्यांजवळ जास्त वेळ थांबणार आहे.

जहाज कोणतं घ्यायचं

बहुतेकांच्या मनात पहिलं नाव येतं एचएमएस व्हिक्टरीचं. १७६५ साली पाण्यात उतरलेलं, १०४ तोफांचं, १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सन ज्यावर होता ते जहाज. आज ते पोर्ट्समथला कोरड्या गोदीत उभं आहे. ते मनात राहू द्या, पण सुरुवात त्याने करू नका. तीन तोफमजले, तीन डोलकाठ्या, आणि मूळ जहाजावरच्या दोरांची एकूण लांबी सुमारे ४२ किलोमीटर. प्रतिकृतीत यातला थोडाच भाग येतो, तरी तोफेचा तोच गाडा शंभर वेळा जोडावा लागतो आणि तीच गाठ हजारो वेळा बांधावी लागते. हात शिकतो तो करता करताच, त्यामुळे एवढ्या मोठ्या जहाजावर अर्धं काम शिकाऊ हाताचं आणि अर्धं सरावलेल्या हाताचं दिसतं.

पहिल्यांदा एका डोलकाठीची, दहा-बारा तोफांची लहान नौका घ्या. अठराव्या शतकात किनाऱ्यावर गस्त घालायला, चोरटा व्यापार रोखायला, आरमाराचे निरोप पोचवायला अशा नौका वापरत. कणा, फासळ्या, दुहेरी फळ्या, तोफांच्या खिडक्या, डेक, दोर हे सगळं तिच्यातही आहे, फक्त मोजकं आहे. दोन डोलकाठ्यांचं ब्रिगही चालेल. त्यापुढे जायचा मोह या वेळी आवरा.

प्रमाण ठरवताना माणसाची उंची डोळ्यासमोर आणा. १८० सेंटिमीटरचा खलाशी १:४८ मध्ये साडेसदतीस मिलिमीटरचा होतो, १:६४ मध्ये २८ चा आणि १:९६ मध्ये जेमतेम १९ चा. १:४८ म्हणजे एका फुटाला पाव इंच. सतराव्या शतकाच्या मध्यापासून ब्रिटिश आरमाराच्या नेव्ही बोर्डासाठी ज्या सुंदर प्रतिकृती झाल्या, त्या बहुतेक याच प्रमाणात आहेत. प्रमाण मोठं घेतलं तर बारकावे हातात येतात, पण जागाही लागते. व्हिक्टरीचा तोफमजला सुमारे ५७ मीटरचा. १:७२ ला तो ७९ सेंटिमीटर होतो, आणि पुढे आलेला बोस्प्रिट, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरची तिरकी काठी, धरला तर जहाज मीटरभराच्या वर जातं. लहान नौकेला १:६४ मला सगळ्यात सोयीचं वाटतं. बोटांना पेलतं आणि टेबलावर मावतं.

पहिलं जहाज किटवरूनच, म्हणजे तयार तुकडे आणि नकाशे असलेल्या संचावरूनच करा. नकाशावरून लाकूड कापत सगळं स्वतः घडवणं हा पुढचा टप्पा आहे. किट घेताना तीन गोष्टी बघा. नकाशे प्रतिकृतीच्या मापाचेच छापलेले हवेत, म्हणजे त्यांच्यावर थेट तुकडा ठेवून माप घेता येतं. फळ्यांचे दोन थर हवेत, कारण पहिला थर चुका पोटात घेतो. आणि प्लायवूडचा कणा सपाट हवा. खोका उघडल्यावर कणा काचेवर आडवा ठेवा. मधे उजेड दिसला तर तो वाकलेला आहे. हलका ओला करून दोन सपाट पाटांमध्ये वजनाखाली दोन दिवस ठेवला की बहुधा सरळ होतो. झाला नाही तर बदलून घ्या, वाकलेल्या कण्यावर काम सुरू करू नका.

हत्यारं

सुरुवातीला फार काही लागत नाही. धारदार सुरी आणि भरपूर पाती, बारीक दातांची छोटी करवत, दोन-तीन कानशी, ८० पासून ४०० पर्यंतचे पॉलिश पेपर, हाताने फिरवायचा बारीक ड्रिल, टोकदार चिमटे, काटकोन, स्टीलची पट्टी. कपडे वाळत घालायचे चिमटे डझनभर आणून ठेवा, क्लॅम्प म्हणून ते उत्तम. लाकडाला पांढरा गोंद. सुपरग्लू फक्त तिथे, जिथे फळी अर्ध्या मिनिटात पकडली गेली पाहिजे. घासताना नाकावर मास्क हवाच. अक्रोडाच्या लाकडाची धूळ नाकाला आणि घशाला चांगलीच झोंबते.

मोजपट्टी मात्र एकच ठेवा. स्टॉकहोममधलं वासा हे जहाज १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीत, बंदर सोडता सोडता बुडालं. १९६१ साली ते वर काढल्यावर त्यात सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या. काही बारा इंची स्वीडिश फुटाच्या, काही अकरा इंची ॲमस्टरडॅम फुटाच्या. त्या जहाजाच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत. घरच्या टेबलावरही दोन पट्ट्यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघतो, मी तपासून पाहिलं आहे.

सांगाडा उभा करणं

किटमध्ये एक उभा कणा असतो आणि त्याच्या खाचांत बसणारे आडवे साचे. खऱ्या जहाजाच्या फासळ्या वेगळ्या असतात, पण सोयीसाठी मी या साच्यांना फासळ्याच म्हणतो. गोंद न लावता सगळ्या बसवून बघा. खाच घट्ट असेल तर कानशीचा एखादा हात मारा. ठोकून बसवलेली फासळी कण्याला वाकवते. मग एकेक फासळी काटकोनात धरून चिकटवा आणि तिचा माथा डेकच्या रेषेत आहे ना ते बघा.

सगळ्या वाळायच्या आत डेकचा प्लायवूड वरून बसवून बघा. डेक नीट बसला की कणा आपोआप सरळ राहतो. जहाज मागून, एक डोळा मिटून बघा. कण्याची कड आणि डेकवरची मधली रेघ एकावर एक दिसली पाहिजेत. अजून गोंद ओला आहे, काय सुधारायचं ते आत्ताच सुधारा. नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडच्या, पहिल्या दोन फासळ्यांच्या मधे बाल्साच्या हलक्या लाकडाचे ठोकळे भरा. तिथे फळ्या सगळ्यात जास्त वळतात आणि त्यांना मागून आधार लागतो. डेक कायमचा बंद करण्याआधी आतल्या एका फासळीवर मी पेन्सिलीने तारीख लिहितो. ती पुन्हा कोणाला दिसणार नाही, पण ती तिथे असते.

घासणं

आता ते काम, ज्यात माझा खळगा झाला. कापलेल्या फासळीची कड चौकोनी असते, पण फळी तिच्यावरून तिरकी जाणार असते. म्हणून नाळेकडच्या आणि मागच्या फासळ्यांच्या कडा फळीच्या वळणाप्रमाणे उतरत्या घासाव्या लागतात. मधल्या फासळ्यांना जवळजवळ हात लावायची गरज नसते.

लांब लाकडी पट्टीला ८० नंबरचा पेपर चिकटवा आणि एका वेळी तीन-चार फासळ्यांवरून फिरवा. एकेकीला सुटं घासलं की लाट तयार होते. दर थोड्या वेळाने एक सुटी फळी घेऊन फासळ्यांवर ठेवा, नाळेपासून मागेपर्यंत बोटाने हलकी दाबा आणि पलीकडून दिवा धरा. फळीने प्रत्येक फासळीला पूर्ण कडेवर टेकायला हवं. नुसत्या एका कोपऱ्यावर टेकत असेल तर अजून उतार हवा. एखाद्या फासळीवर फळीखालून उजेड येत असेल तर ती बुटकी आहे. तिच्या कडेवर पातळ पट्टी चिकटवून उंची वाढवा आणि पुन्हा घासा. शेजारच्या दोघींना कमी करून हिशेब जुळवू नका, त्याने सगळं पोटच आत जातं.

ही फळी डेकजवळ, मधे आणि कण्याजवळ अशी किमान पाच-सहा ठिकाणी ठेवून बघा. मग डोळे मिटून तळहात फिरवा. सांगाड्याच्या मागच्या खालच्या भागात, जिथे दोन्ही बाजूंच्या फळ्या कण्यावर एकत्र येतात, तिथे लाकूड चांगलंच पातळ करावं लागतं. तसं केलं नाही तर फळ्यांचे दोन-दोन थर चढल्यावर जहाज तिथे सुकाणूपेक्षा जाड होतं. ही चूक मी इतक्या प्रतिकृतींत पाहिली आहे की आता नजर आधी तिथेच जाते.

लहान नौकेला या घासण्याला तीन-चार संध्याकाळी द्या. पुढचे कित्येक महिने त्यावर उभे असतात.

फळ्या

जहाजाचं पोट मधे फुगीर असतं आणि नाळेकडे आवळतं. फळी मात्र सगळीकडे सारख्याच रुंदीची येते. तशीच लावत गेलं की नाळेकडे फळ्या एकमेकींवर चढू लागतात. त्यावर उपाय आहे मोजणीचा. कागदाची पट्टी मधल्या फासळीवर वरून कण्यापर्यंत गुंडाळा आणि लांबी मोजा. समजा ती १०० मिलिमीटर आली आणि फळी ५ मिलिमीटरची आहे, तर २० फळ्या लागतील. आता तेच माप पहिल्या फासळीवर घ्या. तिथे ६० आलं, तर प्रत्येक फळी नाळेकडे ३ मिलिमीटरपर्यंत निमुळती करायची. सगळ्या फासळ्यांवर याप्रमाणे पेन्सिलीने खुणा करून घ्या.

फळी अर्ध्या रुंदीपेक्षा बारीक करायची नाही, हे लक्षात ठेवा. हिशेबात अडीचच्या खाली आकडा येत असेल तर दोन फळ्या थोड्या अलीकडे संपवून पुढे त्यांच्या जागी एकच न्यायची. खरे जहाजबांधणीचे सुतारही असंच करत, कारण टोकदार फळीच्या शेंड्यात खिळा धरत नाही. मागच्या बाजूला कधी उलटं होतं, फळ्यांमध्ये पाचरीसारखी फट उरते. तिथे पाचरीच्याच आकाराचा तुकडा बसतो. ओढून ताणून फट बुजवायला जाऊ नका.

वळवण्यासाठी फळी गरम पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवा, मग फासळ्यांवर चिमट्यांनी बांधून वाळू द्या. वाळल्यावर ती वळण धरून राहते. तेव्हाच चिकटवा. ओली फळी चिकटवली की वाळताना आक्रसते आणि दोन फळ्यांमध्ये केसाएवढी फट पडते. पहिला थर लिंडेनच्या मऊ लाकडाचा असेल तर तो सहज वळतो. अक्रोड जास्त हट्टी असतो, त्याला भिजवल्यावर इस्त्रीच्या कडेचा शेकही लागतो.

वरची पहिली फळी डेकच्या वळणाला धरून लावा, कारण पुढच्या सगळ्या तिच्या मागे जातात. एक फळी डावीकडे लावली की लगेच तिची जोडीदार उजवीकडे. एकाच बाजूच्या पाच-सहा लावल्या तर वाळणारा गोंद कणा त्या बाजूला खेचतो आणि मग तो सरळ होत नाही. कण्यालगतची पहिली फळी नाळेकडे फार वर चढू देऊ नका, नाहीतर मधल्या फळ्यांना जागा उरत नाही.

पहिला थर झाला की तो दिसायला ओबडधोबडच असतो, घाबरू नका. लाकडाचाच बारीक भुसा गोंदात कालवून खड्डे भरा, घासा, दिव्याच्या तिरप्या उजेडात फिरवून बघा, पुन्हा घासा. दुसरा थर पातळ असतो, बहुधा अर्धा ते एक मिलिमीटर, आणि तो खालचं सगळं जसंच्या तसं दाखवतो. खळगा बुजवायची शेवटची संधी ती हीच.

तोफांच्या खिडक्या, डेक, रंग

खिडक्या कापण्याआधी एक तोफ गाड्यावर जोडून डेकवर ठेवा. तिचं तोंड खिडकीच्या मध्यावर येतंय का ते बघितल्याशिवाय करवत लावू नका. खिडकीची खालची आणि वरची कड डेकच्या वळणाला समांतर असते, बाजूच्या कडा मात्र पाण्याच्या रेषेला उभ्या. बरेच नवखे चारही कडा फळ्यांच्या दिशेने कापतात आणि सगळी रांग कललेली दिसते.

डेकच्या फळ्या खऱ्या जहाजावर साधारण सहा मीटरच्या धरल्या तर १:६४ ला ९४ मिलिमीटर होतात. पूर्ण लांबीच्या पट्ट्या लावून मोकळे होऊ नका, तुकडे करा आणि शेजारशेजारचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. फटींतल्या डांबराची काळी रेघ दाखवायला फळीच्या कडेवर मऊ पेन्सिल फिरवली तरी पुरते. लाकडी खुंट्यांचे ठिपके करायचे असतील तर फिकट करा. खरी खुंटी चार सेंटिमीटरच्या आतबाहेर, म्हणजे १:६४ ला अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर. गडद ठिपक्यांचा डेक पुरळ उठल्यासारखा दिसतो.

रंगाच्या आधी तुमच्या जहाजाचं साल बघा. ब्रिटिश आरमाराने तळाला तांब्याचे पत्रे सर्रास लावले ते १७८० च्या सुमारास, व्हिक्टरीलाही १७८० मध्येच लागले. त्याआधीच्या जहाजाला तांबं लावलं तर ते चूक, तिथे तळ पांढरट लेपाचा हवा. रंगांबद्दलची माहितीही बदलत राहते. वासाच्या कोरीवकामामागची पार्श्वभूमी आधी निळी मानत होते, रंगाचे उरलेले कण तपासल्यावर ती लाल निघाली. व्हिक्टरीच्या बाजूचे गडद पिवळे पट्टे जुन्या थरांच्या अभ्यासानंतर २०१५ मध्ये बरेच फिकट केले गेले. म्हणून खोक्यावरच्या चित्रावर विसंबू नका. आणि कोणताही रंग पातळ हाताने, दोन-तीनदा.

डोलकाठ्या आणि दोर

गोल काडीला एकसारखं निमुळतं करणं अवघड जातं. चौकोनी काडी घ्या, आधी तिच्या चारही बाजू निमुळत्या करा, मग कोपरे मारून अष्टकोनी करा, मग गोल. वेळ जास्त लागतो, पण काठी सरळ राहते. डोलकाठी चिकटवण्याआधी तिचा मागे असलेला कल नकाशावरून मोजून घ्या.

दोर दोन प्रकारचे. डोलकाठी धरून ठेवणारे स्थिर दोर डांबर लावलेले, म्हणून काळे किंवा गडद तपकिरी. शिडं हलवणारे चालते दोर फिकट. सगळे एकाच जाडीचे घेतले तर जहाज खेळणं दिसतं. निदान चार-पाच जाड्या ठेवा. दोऱ्याला केस फुटलेले असतील तर मेणाच्या तुकड्यावरून ओढून घ्या.

श्राउड म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणारे दोर. ते जोडीने चढतात. पहिली जोडी उजवीकडची सगळ्यात पुढची, मग डावीकडची, मग पुन्हा उजवीकडे. खाली ते डेडआयला, म्हणजे तीन भोकांच्या गोल लाकडी चकतीला, बांधलेले असतात. वरच्या आणि खालच्या डेडआयमधलं अंतर सगळीकडे सारखं राहावं म्हणून तारेचा एक छोटा आकडा करून दोघांच्या भोकांत अडकवा, बांधणी झाल्यावर काढून घ्या.

श्राउडवरच्या आडव्या दोऱ्या म्हणजे खलाशांची शिडी. मूळ अंतर तेरा ते पंधरा इंच, १:६४ ला पाच-सहा मिलिमीटर. मागे पांढऱ्या कार्डावर त्याच अंतराने रेघा मारून ठेवा. कडेच्या दोन श्राउडवर साधी गाठ, मधल्यांवर क्लोव्ह हिच, म्हणजे दोराला दोन वेढे देऊन आवळायची गाठ. दोरी आवळताना श्राउड एकमेकांकडे जराही सरकले तर थांबा आणि सैल करा. प्रत्येक गाठीत केसभर ओढ पडली तरी वीस दोऱ्यांनंतर श्राउडची कंबर आत गेलेली असते. म्हणून मी खालून वर सलग जात नाही. आधी दर पाचवी दोरी बांधतो, मग मधल्या भरतो. गाठीवर पाण्यात पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचा थेंब टाका. सुपरग्लूने दोरा पांढरट पडतो आणि काचेसारखा ताठ होतो. एका बैठकीत पाच-सहा दोऱ्यांहून जास्त करू नका, बोटं थकली की गाठी मोठ्या होतात.

शिडं लावायची की नाही, हे आवडीवर आहे. माझं मत न लावण्याकडे झुकतं. १:६४ ला कोणतंही कापड गोणपाटाएवढं जाड दिसतं आणि कष्टाने बांधलेले दोर झाकून टाकतं. हवीच असतील तर गुंडाळलेली दाखवा. त्यासाठी कापड पूर्ण उंचीचं न घेता अर्ध्याहून थोडं जास्त घ्या, नाहीतर गुंडाळी फार जाडजूड होते.

पूर्ण झालेलं जहाज उघड्यावर ठेवू नका. श्राउडमधली धूळ मऊ ब्रशनेही नीट निघत नाही, आणि पुसायला गेलं की काहीतरी तुटतं. काचेची पेटी करा, तळाशी हवेसाठी चार-सहा बारीक भोकं ठेवा, आणि थेट ऊन येणार नाही अशी जागा निवडा. पहिल्या पावसाळ्या-हिवाळ्यात लाकूड आणि दोरे हवेतल्या ओलाव्याप्रमाणे ताणतील-सैलावतील. एखादा श्राउड ढिला पडला तर डेडआयमधली दोरी ओढून तो पुन्हा ताठ करता येतो. म्हणून त्या दोऱ्यांची टोकं नुसती गुंडाळून बांधा, आणि गोंदाचा शेवटचा थेंब त्यांच्यावर वर्षभराने टाका.